खांडीचा फोटो

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी नाव लावायचं, हे पेणच्या त्या कॉलेजात कुणाला शिकवावं लागत नसे. अक्षयच्या ग्रुपमध्ये राबणारी होती मृणाली, धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांची पोर. विषय होता खाडीचं पाणी अडवणारा खारबांध. भरतीने बांध फुटून खांड पडली की गावात हाळी जाते आणि घरटी एक माणूस चिखलात उतरतो. मृणालीच्या घरातून तीच उतरायची. अक्षय रोह्याला घरी बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. सगळ्यांच्या ऑनलाइन फाइलमध्ये कडेला त्याची कॉमेंट होती : "खांडीचा फोटो आजच टाक. नायतर तुझं नाव काढतो."

त्या दिवशी उधाण होतं. फोटो काढायला गेलेल्या मृणालीचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं, फोन सापडलाच नाही.

महिन्याने प्रोजेक्ट द्यायचा होता. भर दुपारी लॅबमध्ये बसून अक्षयने आधी ती कॉमेंट पुसली, मग पहिल्या पानावरचं मृणालीचं नाव.

"असू दे की," ग्रुपमधली समीक्षा शेजारून हळूच म्हणाली. "सगळं तिनंच लिवलंय."

"तिला आता मार्क काय करायचेत?"

समीक्षा आपल्या वहीकडे वळली. मार्क तिलाही हवे होते.

नाव परत आलं. त्याने पुसलं, तर पुन्हा आलं, एकेक अक्षर, सावकाश. लॅबभर खाडीच्या चिखलाचा वास सुटला.

"समीक्षा... तू करतेस काय गो?"

"मी नाय... माझा तर फोनपण बंद हाय."

शेवटी त्याने फाइलची प्रत उतरवली, तिच्यात नाव खोडलं, 'सर्वेक्षण : अक्षय' घातलं आणि छापून कमळाकर सरांना दिली. आयत्या बिळावर नागोबा!

सर खूश झाले. "खांड स्वतः मोजलीस? शाब्बास! उद्या बाहेरचे परीक्षक येतायत. भरतीच्या वेळी त्यांना तिथं ने, दाखव."

नाही म्हणावं तर चोरी उघडी पडणार. अक्षयने मान डोलावली. जन्मात त्याने तो बांध पाहिला नव्हता.

फाइल बंद करायला तो लॅबमध्ये परतला, तर पुसलेली कॉमेंट जागच्या जागी होती. खाली मृणालीचं उत्तर होतं : "टाकला."

फोटो खालून, पाण्यातून काढलेला होता. फुटक्या बांधाच्या कडेवर अक्षय वाकून उभा होता. कोपऱ्यात तारीख होती, उद्याची.

"समीक्षा..." त्याने हाक मारली, पण लॅबमध्ये तो एकटाच होता.

पहिल्या पानावर मृणालीचं नाव तसंच होतं. त्याखालचं अक्षयचं नाव मागून एकेक अक्षर पुसलं जात होतं.