बॉर्डरच्या ओळीतली ज्वारी

"ओ मॅडम! हात लावू नका—"

उशीर झाला होता. ज्वारीचं अख्खं धाट मुळासकट माझ्या हातात आलं होतं आणि त्याला बांधलेला लाल टॅग माझ्या नाकासमोर डुलत होता.

बांधावरून एक उंच मुलगा पळत आला. कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा, जणू मी झाड नाही, त्याचा दात उपटलाय.

"उपटलंच?"

"उंची बघत होते फक्त..."

"मग उभ्या उभ्या बघायची न! एका वाफ्यात मोजायला पाचच झाडं निवडलीत. बाकीची सगळी सोडून तुमाला हेच घावलं?"

"त्याच्यावर टॅग होता ना... छान दिसत होतं."

तो बघतच राहिला. मग हसू लपवायला त्यानं मान फिरवली, पण मला दिसायचं ते दिसलं.

त्याचं नाव नागेश. पालमचा, आमच्याच कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणारा. मी सुकेशनी, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. माझे बाबा क्लार्क, घर परभणीत, आणि शेत म्हणाल तर कुंडीतल्या तुळशीएवढं. त्यामुळे 'हिला ज्वारी आणि गवतातला फरक कळत नाही' हे वाक्य मी चार वर्षं वर्गात ऐकत आले. चीड यायची. मुळासकट उपटलेलं धाट हातात धरून मात्र चिडताही येईना.

"आता सांगा, उंची कशाला पाहिजे होती?" त्यानं विचारलं.

"नाटकासाठी."

मग सगळंच सांगितलं. लायब्ररीत विद्यापीठाचे जुने वार्षिक अंक चाळताना मला आमच्या नाटकांचा इतिहास सापडला होता. सुरुवातीला मुलंच लुगडी नेसून उभी राहायची. पुढे चांगुणा नावाची पहिली मुलगी स्टेजवर आली, तर तिला बघायला म्हणे पिंगळी गावाहून माणसं आली होती. आणि एक्क्याऐंशी साली एक नायक पुठ्ठ्याची ज्वारी कुशीत घेऊन प्रेमाचं भाषण करायला लागला, तेव्हा पहिल्या रांगेतून इथलेच प्राध्यापक माणिकराव सर उठले आणि म्हणाले, "हे कोणतं वाण?" सगळा हॉल शेतीवाल्यांचा! असा हसला की पडदा पाडावा लागला. तेव्हापासून रीतच पडली, की स्टेजवर शेत असेल तर खरं. मुलं नाटकासाठी पिकं वाढवायची. मग छापील फ्लेक्सचे पडदे आले आणि ती रीत गेली.

"त्या पडलेल्या नाटकावरच मी एकांकिका लिहिलीय. अठ्ठावीस फेब्रुवारीला गॅदरिंग आहे. मला हिरवी, कणसावरची ज्वारी पाहिजे."

"फेब्रुवारी संपताना? हिरवी?" नागेशनं कपाळावर हात मारला. "तवा लोकं काढणी करायलेत, मॅडम. सगळी ज्वारी वाळलेली असती."

माझा चेहरा पडला. माणिकराव सर त्र्याऐंशीचे झाले होते, पण अजून दर वर्षी पहिल्या रांगेत येऊन बसायचे. माझंही नाटक हसण्यात बुडालं असतं तर... चार वर्षं ऐकलेलं ते वाक्य कायमचं खरं ठरलं असतं.

"रडू नका बरं," तो घाईघाईनं म्हणाला. "माझा प्रयोगच उशिरा पेरणीचा हाय. ही ज्वारी तवा ऐन हुरड्यात येती. कडेची बॉर्डरची ओळ आमी मोजत न्हाई, ती नुसती राखणीला. गाईड सरला विचारतो, ती न्या."

"खरंच? फुकट?"

"फुकट कशाला? माझं झाड उपटलंय तुमी. दर शनिवारी यायचं. मी मोजणार, तुमी लिहायचं."

पहिल्या शनिवारी मी दंड म्हणून गेले. दुसऱ्या शनिवारी आईनं विचारलं, "शेतात जायला काजळ कशाला गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे काही दंडाचं राहिलेलं नाही.

सकाळचं ऊन, पायाखाली भेगाळलेली काळी माती, आणि ओळीच्या पलीकडून येणारा त्याचा आवाज.

"एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटर. लिहिलंस?" तुमीचं तू कधी झालं, कुणालाच कळलं नव्हतं.

"लिहिलं."

"काय लिहिलंस?"

मी वहीत बघितलं. नुसती रेघ होती. "पुन्हा सांग ना..."

"लक्ष कुठं हाय तुझं?"

"पिकावर."

"पीक इकडं हाय. तू माझ्याकडं बघायलीस."

"मधे उभा राहिल्यावर दिसणारच की!"

तो लाजला. अगदी कानापर्यंत! इतका उंच मुलगा लाजला की लय गोड दिसतो.

एकवीस तारखेला शेवटचं मोजमाप झालं. वही मिटून तो म्हणाला, "संपलं. आता शनिवारी यायचं काम न्हाई." मी "बरं" म्हटलं. दोघंही तिथंच उभे राहिलो. घरी जाताना त्या 'बरं'साठी मला स्वतःचाच राग आला.

गॅदरिंगच्या सकाळी त्यानं बॉर्डरची चाळीस धाटं मातीच्या गोळ्यासकट उकरली आणि घमेल्यांत बसवून स्टेजवर लावली. चार वाजता पडदा उघडला. हिरव्या ज्वारीचा वास थेट तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईबाबांपर्यंत गेला असणार. मी पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी वाजली.

माणिकराव सर उभे होते. "हे कोणतं वाण?"

हॉल हसायला टपलेला. विंगमध्ये नागेश उभा होता. त्याच्याकडे बघितलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "सुधारित रब्बी वाण, सर. पंचवीस नोव्हेंबरची पेरणी, अंतर पंचेचाळीस बाय पंधरा. चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मा फुलोरा. उंची एकशे बहात्तर."

एकही जण हसला नाही.

"शाब्बास!" सर म्हणाले. "आणि पेरलं कुणी?"

"माझ्या नागेशनं."

बोलले... आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते! शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. माणिकराव सर हसत खाली बसले. पुढचं नाटक मी कसं केलं, मला आठवत नाही. लोक सांगतात, झकास झालं.

पडदा पडला तसा नागेश समोर आला. हात मातीनं भरलेले, कान लाल.

"सगळ्या हॉलला सांगितलंस. मला कवा सांगणार होतीस?"

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. ऐकलं नव्हतं."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "लय आवडतोस. झालं?"

"न्हाई झालं," तो म्हणाला. "मी तर त्या पहिल्या दिवशीच... तुझ्यावर नीट ओरडतापण आलं न्हाई मला."

मी हसले आणि एकदम आठवलं. "नागेश... माझे आईबाबा बसलेत बाहेर! त्यांनी ऐकलंय सगळं."

"मग?"

"मग काय, आता तुला घरी यावं लागणार. उद्या चहाला ये."

"उद्या कशाला?" तो हात पँटला पुसत म्हणाला, "बाहेर बसलेत न? आत्ताच येतो की."

आणि मी थांब थांब म्हणेपर्यंत तो पडदा बाजूला सारून तिसऱ्या रांगेकडे निघालासुद्धा.