रांगेतली शेवटची

कोपर खरचटलं होतं, एवढंच. खडीवर सायकल घसरून नेवेस कुशीवर आपटली आणि उठल्याउठल्या तिने आधी सायकलला काही झालं नाही ना ते पाहिलं. सायकलवेड्यांची जातच तशी. पन्नाशीची बाई, सकाळपासून स्पेनमधल्या तेरुएलच्या माळावर एकटी पॅडल मारत होती. बहिणीकडे, रेमेकडे, जेवायला पोचायचं होतं. तिने फोनवर डिवचलंही होतं, "कोकरू ओव्हनमध्ये ठेवतेय. वेळेवर आली नाहीस तर मोटारीने उचलून आणीन, सायकलसकट!"

रक्त थांबेना म्हणून ती वाटेवरच्या वाल्दोर्का गावात वळली. ऊन रणरणत होतं. घरोघरी खिडक्या बंद होत्या, पण दुपारच्या झोपेच्या वेळी त्यात नवल काय? दवाखान्यासमोरच्या दगडी बाकावर मात्र माणसं होती. काळ्या कपड्यांतल्या तीन म्हाताऱ्या आणि टोकाला टोपीवाला म्हातारा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांची वाट बघत असतील, असं तिला वाटलं. त्यांच्या अंगाला बंद कपाटातल्या लोकरीचा वास येत होता.

रांग दिसली की शेवटचं कोण ते विचारायचं आणि 'मी' म्हणणाऱ्याच्या मागे थांबायचं, हे त्या मुलखात लहानपणीच अंगात मुरतं. तिथे चिठ्ठी लागत नाही, नंबर लागत नाही.

"शेवटचं कोण?" नेवेसने विचारलं.

"मी," म्हणत म्हातारा टुणकन उठला. "देव तुझं भलं करो, पोरी... आता तू." आणि तो असा पळाला की काठी तिथेच राहिली.

"ह्यांना डॉक्टर नको होते?"

"त्याचं काम झालं," पहिली म्हातारी हळूच म्हणाली. "बस."

नेवेस बसली. दार काही उघडेना. झाडावर किरकिरणारे किडे गप्प झाले. चर्चच्या मनोऱ्याची सावली तिच्या बुटाशी येऊन थांबली, ती तिथून हलेचना. शेवटी कंटाळून तिने सायकल दामटली. गाव संपलं, उतार लागला, तापलेल्या रानओव्याचा वास आला, वळण आलं... आणि समोर तोच दवाखाना. दुसऱ्या वाटेने गेली, तरी तोच बाक. मग सायकल टाकून ती शेतातून धावत सुटली आणि धापा टाकत त्याच म्हाताऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"रांग अशी सोडता येत नाही गं," मधली म्हणाली. "कुणीतरी येऊन विचारायला हवं. तू 'मी' म्हणायचं, की सुटलीस."

"आणि तुम्ही?"

"आम्हाला कसली घाई..." तिघी हसल्या. हसण्याला आवाज नव्हता.

फोन मुका झाला होता. नेवेस लहान मुलीसारखी रडली. कोणीही येऊ दे, कोणीही, असं घोकत ती बसून राहिली. अखेर मोटारीचा आवाज आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला, आणि उतरणारी बाई पाहून पायांखालची जमीन सरकली.

रेमे होती.

"नेवेस! अगं ए नेवेस!" रेमेची नजर बाकावरून फिरली. नेवेस हातभर अंतरावर होती, पण तिच्यावर ती नजर थांबली नाही. रांगेत अडकलेलं माणूस आपल्या माणसांना दिसत नसावं. म्हाताऱ्या मात्र तिला दिसल्या. "आजी, सायकलवाली बाई पाहिलीत का हो?"

"आत गेलीय," पहिली गोड आवाजात म्हणाली. "रांगेत बस ना."

"बरं. शेवटचं कोण?"

नेवेसच्या जिभेवर शब्द आलाच होता. तिने ओठ दातांखाली असा दाबला की रक्त आलं. तिला घरी जायचं होतं. जगायचं होतं.

"बोल..." शेजारची कानाशी कुजबुजली. "सुटशील..."

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"दातखीळ बसली की काय सगळ्यांची?" रेमे करवादली. तिने दवाखान्याचं दार ढकलून पाहिलं, ते बंदच होतं; म्हाताऱ्यांनी थाप मारली असं समजून ती मोटारीत जाऊन बसली. मोटार वळणापलीकडे गेली, आवाज लांब लांब गेला, परत आला नाही. नेवेसला हुंदका फुटला. रेमे सुटली होती, याचं तिला खूप बरं वाटलं.

तेव्हा दवाखान्याचं दार करकरलं. आतून गार वारा आला. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "या... पुढचं कोण?"

नेवेसने पहिल्या म्हातारीकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. तिघींनी सावकाश माना वळवल्या आणि पाय पोटाशी घेऊन नेवेसला वाट करून दिली.