टेलरकाकांना न विचारलेला प्रश्न

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा. जिच्यासोबत घडली ती माझी मावसबहीण, आणि ताईला बाता मारायची सवय नाही.

भर दुपारची वेळ. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरची मुलाखतीची खोली.

कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यावर तिथे नव्या औषधाची चाचणी चालू होती. ताईचं काम म्हणजे पेशंटना ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं रेकॉर्ड करायची, धोका किती ते लिहायचं. शेवटचा प्रश्न नेहमी एकच. मरून जावंसं वाटतं का?

त्या पेशंटांपैकीच एक म्हणजे शिवणकाम करणारे टेलरकाका. त्यांना तिने तो विचारलाच नाही.

शेवटच्या मुलाखतीला काका चक्क हसत आले होते. "पोरी, रखडलेले सगळे कपडे शिवून दिले. आता कुणाचं काही राहिलं नाही बघ!"

ताई हरखली. औषध लागू पडलं! एवढ्या खुशीतल्या माणसाला मरणाचं काय विचारायचं? तिने परस्पर 'धोका शून्य' लिहून टाकलं.

त्याच आठवड्यात काकांनी जीव दिला.

निरवानिरव करून आले होते ते. हे तिला कळायला हवं होतं. शिकवलंही होतं. तेव्हापासून तिची झोप उडाली, अन्न गोड लागेना. घरी विचारलं की "कामाचा ताण" म्हणून वेळ मारून न्यायची.

त्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग अजून कुणी ऐकलं नव्हतं; ऐकलं असतं तर तिची चूक उघडी पडली असती. ते पुसायला ती त्या दुपारी त्याच खोलीत एकटीच बसली. पण काकांचा आवाज एकदा ऐकावासा वाटला...

"झालं काका, या आता." तिचाच आवाज.

यानंतर खुर्ची सरकायला हवी होती. दार वाजायला हवं होतं.

काहीच नाही.

नुसता श्वास... संथ... कुणीतरी वाट बघत बसल्यासारखा.

रेकॉर्डिंग संपलं. श्वास थांबला नाही.

ताईला रडू फुटलं. "काका, मरून जावंसं वाटतं का हो?"

समोरची रिकामी खुर्ची करकरली...

"आणि तुला गं, पोरी?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आईनेही नाही.

ती धावत चाचणीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्या शून्याचं, आणि कित्येक दिवस स्वतःच्या मनात घोळत होतं तेही. मॅडमनी तिला एकटं सोडलं नाही. नंतर त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. खुर्ची सरकली, दार वाजलं, सगळं जिथल्या तिथे होतं.

ताई आज बरी आहे. पुन्हा कामावरही जाते. पण मधूनच तोच विषय काढते.

"माझी चौकशी केली रे काकांनी," ती म्हणते. "मी विचारलं त्याचं उत्तर मात्र दिलंच नाही."