गाडी मिरजेला होती

मयूरीनं गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि कुणाला काही न विचारता सीटबेल्ट ओढायला लागली. छातीपर्यंत नाही, कमरेपर्यंत नाही... पार पट्टा संपेपर्यंत.

"ओ बाई! तुटंल की त्यो!"

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे नुकतेच उरकले होते. त्या पिवळ्या धुरळ्यातून एक उंच पोरगा तावातावानं येत होता. शर्टाच्या बाह्या पिवळ्या, कपाळ पिवळं, भुवयासुद्धा पिवळ्या. एरवी मयूरीला हसू आलं असतं. पण आज सकाळपासून पाहिलेल्या प्रत्येक गाडीचा मालक तिच्याशी तोंडावर खोटं बोलला होता आणि तिचं डोकं तापलं होतं.

मयूरी साताऱ्याची. नोकरी विमा कंपनीत. ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या तपासायच्या आणि नुकसान ठरवायचं. त्यामुळे नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आधी मयूरीला उचलून न्यायचं, ही घरची रीतच पडली होती. या खेपेला पाळी लालामामांची. लालासाहेब म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, तिचे सख्खे मामा. मामींचे गुडघे दुखायचे, उंच गाडीत चढायचं म्हणजे पायाखाली पाट ठेवावा लागायचा, म्हणून त्यांना मध्यम आकाराची सेडानच हवी होती. ही पांढरी गाडी मामांच्या पहिल्या नजरेतच भरली होती. मामा तर रंगावरच खूश झालेले.

"ही पुरात बुडालेली आहे," मयूरी म्हणाली.

"कोण म्हणतंय? पुरात ही गाडी मिरजेला होती!"

झालं. हेच वाक्य. मयूरीच्या कपाळाची शीर उडायला लागली. सांगलीला तो मोठा पूर आला तेव्हा लोकांनी आपापल्या गाड्या उंचावर, मिरजेकडं नेऊन रस्त्याकडेला लावल्या होत्या, हे खरंच होतं. पण तेव्हापासून सांगलीत विकायला निघालेली एकूण एक गाडी मिरजेलाच होती, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"सगळ्यांच्याच गाड्या मिरजेला!" ती कडाडली. "एवढ्या मावल्या कुठं? एकीवर एक रचल्या होत्या काय?"

"आवं, माझा सख्खा थोरला भाऊ घिऊन गेलता. भरतेश चौगुले. यार्डात कुणालाबी इचारा. आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत न्हाई."

"मग हे काय?" तिनं पट्ट्याचं शेवटचं वीतभर टोक त्याच्या नाकासमोर धरलं. एरवी आत गुंडाळून राहणारं ते टोक मातकट झालं होतं आणि विणीत बारीक गाळ वाळून बसला होता. "बाहेरचा पट्टा धुतलाय. हा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. कृष्णेचा गाळ आहे हा. मिरजेच्या रस्त्यावर कृष्णा आली होती? डिकीतलं चाक उचलू? सीटखालचे गंजलेले बोल्ट दाखवू?"

त्यानं ते टोक हातात घेतलं, बोटांनी चोळून पाहिलं. चेहरा पार उतरला... आणि पुढच्याच क्षणी रागानं लाल झाला.

"तुमी गाडी बघाय आलाय, का आमचं घर फोडाय?"

"गाडीच बघायला आले होते. बघून झाली!"

तिनं दार असं आपटलं की पलीकडच्या पोत्यांवर बसलेला हमाल दचकून उठला. परतताना मामा कुरकुरत राहिले. "रंग कसला एक नंबर होता! तू म्हणजे सीधा फायरिंगच सुरू करतीस." मयूरीचं लक्ष नव्हतं. तिला त्या पोराचा राग आला होता. आणि कराड मागं पडलं तरी त्याचा तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, याचा त्याहून जास्त राग आला होता.

आठवड्याभरानं फोन आला.

"जिनेश चौगुले बोलतोय. मामांकडनं नंबर घेतला."

"कोण जिनेश?"

"पिवळा. पट्ट्याचा." मग नुसता श्वास. "तुमी म्हणला ते खरं निघालं. झालं समाधान?"

कुणाचं तरी चुकलंय आणि ते तुझंच, असा त्याचा सूर होता. मयूरी फोन आपटणारच होती, पण तो बोलत सुटला. भावाला त्यानं कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं. पूर चढत होता तेव्हा आण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, भरतेशला गाडी मिरजेला न्यायला सांगितलं. भरतेश निघाला खरा, पण गेला गावभागात, प्रीतीच्या घरच्यांना बाहेर काढायला. प्रीती तेव्हा त्याची कुणी नव्हती... म्हणजे होती, पण घरी माहीत नव्हतं. माणसं नावेतून सुखरूप निघाली, गाडी गल्लीतच बुडाली. भरतेशनं ती गुपचूप साफ करून घेतली आणि आण्णांना सांगितलं, मिरजेला होती. पुढं दोघांचं लग्न झालं तेही रीतसर पाहण्याचा कार्यक्रम करून, जणू एकमेकांना पहिल्यांदाच बघतोय अशा तोंडानं! आता गाडीचं खरं सांगायचं तर हे सगळंच उघडं पडणार होतं.

"आणि हे मला कशाला सांगताय?" मयूरीनं विचारलं.

"मग कुणाला सांगू? घरात बोलाय येत न्हाई, भाईर बोलाय येत न्हाई. तुमाला निम्मं म्हाईतच हाय. चिडाय हक्काचं माणूस आता तुमीच."

असलं कारण देऊन तिला आजवर कुणी फोन केला नव्हता. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचं त्याला कळू नये म्हणून तिनं त्याला आणखी दोन शब्द सुनावले.

चिडायला म्हणून सुरू झालेले ते फोन मग रोजचेच झाले. चौगुल्यांना आता दुसरी गाडी बघायची होती. जिनेशनं ते निमित्त धरलं आणि एका रविवारी साताऱ्याला येऊन शोरूमच्या दारात उभा राहिला. त्या दिवशी तो पिवळा नव्हता. धुतलेला, निळ्या शर्टातला जिनेश बघून मयूरी क्षणभर गडबडली आणि मग उगीचच त्याच्यावर डाफरली.

"मागं बसा."

"चालवनार तर मी हाय की!"

"म्हणूनच. चालवणारा कुठंही खूशच असतो. घरची गाडी मागं बसून पसंत करायची असते. गुडघे टेकतात?"

"न्हाई."

"डोकं?"

"टेकतंय."

"तुमचं डोकंच मोठं आहे."

"आनि तुमचं गरम."

शोरूमचा माणूस दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मयूरीनं त्याला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी थेट वाईच्या पुढं, पसरणी घाटात घातली. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात, असं तिचं म्हणणं होतं. गतिरोधकावर पोट घासतं का, एसी लावून चढण चढताना दम लागतो का, वळणावर मागचा माणूस दारावर आदळतो का... ती बोलत होती, तक्रारी करत होती, आणि मागून एकदम शांत आवाज आला.

"एक इचारू? आरसा मागचा रस्ता दिसाय असतोय न्हवं?"

"मग?"

"मग त्यात मीच कसा दिसाय लागलोय तुमाला?"

मयूरीनं झटक्यात आरसा वळवला. कान तापले. पुढच्या तीन वळणांवर तिनं हॉर्न जरुरीपेक्षा फारच जास्त वाजवला.

परतताना ती त्याला स्टँडवर सोडायला निघाली, तेव्हा तो गप्प गप्प होता. मग म्हणाला, "जुनी गाडी इकायची ठरलीय. शिराळ्याचं हंबीरराव म्हणून हायत, आण्णांच्या वळखीचं. गुरुवारी येनार हायत."

"त्यांना सांगणार ना?"

"वहिनीनं हात धरून सांगितलंय, आण्णांना कळू दिऊ नका. त्या रडाय लागल्या, मयूरी."

"मग विकू नका."

"आण्णांना काय कारन सांगू? त्यांना वाटतंय गाडी धडधाकट हाय..."

मयूरीनं आपली स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. "ऐका. त्या गाडीत कुणाची तरी पोरंबाळं बसणार आहेत. बुडालेल्या गाडीची वायर कधी दगा देईल सांगता येत नाही. तुम्ही गप्प बसलात तर मला पुन्हा फोन करायचा नाही. चिडायलासुद्धा नाही."

तो काहीच बोलला नाही. 'हो' म्हणाला नाही, 'नाही' म्हणाला नाही. तिनं त्याला तिथंच उतरवलं आणि मागं वळून न बघता निघून गेली.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि एसटीनं सांगली गाठली. कशाला जातेय, हे तिचं तिलाच नीट सांगता येईना. तो खोटं बोलला तर आपल्या कानांनी ऐकू, म्हणजे विषय संपेल, असं काहीतरी ती मनात घोकत होती. चौगुल्यांच्या दुकानाबाहेर हळदीच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्या आडोशाला ती उभी राहिली. जिनेशला ती दिसत नव्हती.

हंबीरराव बायको आणि दोन लहान पोरींना घेऊन आले होते. पोरी कधीच मागच्या सीटवर चढून बसल्या होत्या. भरतेश वजनकाट्यापाशी खाली मान घालून उभा होता. जिनेशच्या हातात किल्ली होती.

"बाकी समदं झ्याक," हंबीरराव म्हणाले. "पन चौगुले, पुराचं काय?"

"मिरजेला होती की!" आण्णा अभिमानानं म्हणाले. "माझ्या थोरल्यानं टायमावर हलवली."

म्हातारा खोटं बोलत नव्हता, पोरावरच्या विश्वासानं बोलत होता. मयूरीच्या पोटात ढवळलं. शब्द अगदी ओठांवर आले. आजवर तिनं आलेला शब्द कधी गिळला नव्हता. पण आज ती बोलली असती तर खरं फक्त तिचं ठरलं असतं, आणि तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं. तिनं ओठ दातांखाली घट्ट धरले. जिनेश किल्लीकडं बघत उभा होता. नुसता उभा होता...

"हंबीरराव, घिऊ नका ही गाडी," तो म्हणाला. "पुरात बुडालीय ती."

"काय बोलतुयास?" आण्णा ओरडले. "थोरला खोटं बोलला म्हणतुयास? कुनी बुडवली मग? बोल की!"

जिनेश गप्प. आण्णा नाही नाही ते बोलले. भावाच्या वाईटावर आहेस, चार माणसांत बापाची लाज घालवलीस म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण गावभागाचं नाव काढलं नाही. हंबीररावांनी पोरींना दंडाला धरून खाली उतरवलं. "एवढ्या लांबनं बलवून ही असली गाडी? ऱ्हावू द्या तुमालाच!" असं म्हणून ते तणतणत निघून गेले.

"आण्णा, त्येला बोलू नका," भरतेश शेवटी म्हणाला. "मी न्हवती नेली मिरजेला." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, प्रीतीसकट. हमालांचीसुद्धा कामं थांबली. आण्णा जवळच्या पोत्यावर मटकन बसले.

जिनेश तरातरा बाहेर आला आणि थेट मयूरीसमोर थबकला.

"तुमी? कवा आलाय?"

"मगाशी."

"समदं ऐकलं? मग बोलला का न्हाई? एरवी तर तोंडाचा पट्टा..."

"तुमचं तुम्ही बोलायचं होतं."

"आनि न्हाई बोललो असतो तर?"

मयूरीचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला संताप आला. "तर मी तशीच स्टँडवर गेले असते आणि जन्मभर तुमच्यावर चिडून राहिले असते! रोज लोक माझ्याशी खोटं बोलतात. मी घरी जाते, जेवते, झोपते. तुम्ही नुसते गप्प उभे होतात तेवढ्यात माझे पाय गळून गेले. मला हे असलं... आवडत नाही!"

"काय आवडत न्हाई? मी?"

"तुम्ही आवडता, हेच आवडत नाही!"

हमालांनी ऐकलं, भरतेशनं ऐकलं, आण्णांनीही ऐकलं असणार. जिनेश तोंड उघडून तिच्याकडं बघत राहिला. इतका राग, इतका मनस्ताप, आणि त्या सगळ्यातून त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं.

"जिन्या! भरत्या!" आतून आण्णांची आरोळी आली. "दीस मावळाय आलाय. आदी जेवा, मग बघतो एकेकाकडं. आनि ती पोरगी कोन हाय, तिलाबी आना. उपाशीपोटी भांडनं नकोत माझ्या दारात!"

जैनांच्या घरातला हा नेम रागासाठीही मोडत नाही. यार्डाला लागूनच असलेल्या घरात, उजेड असतानाच ताटं मांडली गेली. भाकरी, मटकीची उसळ, कांदा-लसणाशिवायची आमटी. रडून डोळे सुजलेली प्रीतीवहिनी वाढत होती आणि जिनेशची आई कुणाकडंच न बघता भाकरी थापत होती. आण्णा बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गाडी बुडाल्याचा राग न्हाई मला, भरत्या. मला सांगिटलं असतंस तर ट्रॅक्टर घिऊन मी आलो असतो रं त्यांना काढाय. एवढा परका झालतो का मी तुला?"

भरतेशला घास गिळवेना. प्रीतीनं डोळ्यांना पदर लावला. आण्णांनी घसा खाकरला आणि कुणाशी तरी बोलायचं म्हणून मयूरीकडं वळले.

"तुमी गाड्यातलं जानता म्हनं. सांगा, आता नवी घ्यावी का जुनी?"

"ते नंतर," मयूरी म्हणाली. कामाचं विचारलं की तिला धीर यायचा. "आधी सांगा, घरात माणसं किती?"

"मी, ही, थोरला, सूनबाई, धाकटा. पाच."

"मग मध्यम सेडान बास होईल. मागं तिघं नीट बसतात, डिकीही—"

"सहा धरा," जिनेश ताटात बघत म्हणाला.

"सहावं कोन?" आण्णांनी विचारलं.

"आज खरं बोलाय बसलोच हाय तर समदंच बोलतो, आण्णा. मला ही पसंत हाय. तिला मी पसंत हाय का, ते तिला इचारा."

सगळ्या माना मयूरीकडं वळल्या. तिच्या डोक्यात नेहमीची तिडीक उठली. हा काय प्रकार? भरल्या ताटावर? आधी मला न विचारता? चांगलं खडसावायचं म्हणून तिनं मान वर केली. समोर जिनेश बसला होता, घास हातात तसाच धरून, जिवाचा कान करून.

"सेडानमध्ये सहा बसत नाहीत," ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण तो चढलाच नाही. "मोठी गाडी बघावी लागेल."