काचेमागचा दूत

"ते पुस्तक माझं आहे."

गोपिकाने मान वर केली. सीताबर्डीच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर ती उकिडवी बसली होती आणि तिच्या हातातल्या पुस्तकाचं दुसरं टोक एका मुलाने धरून ठेवलं होतं. उंच, चष्मेवाला... आणि चेहरा असा की याचीच कोणीतरी चोरी पकडली आहे!

"नाव लिहिलं आहे का तुमचं?"

"पहिल्या पानावर. अनिश. आईने चुकून रद्दीत दिलं."

"रद्दीत आलं म्हणजे आता ते माझं," पुस्तकवाले दादाजी मध्येच बोलले. "आन् या पोरीनं आधी उचललं. भांडू नका गा, गिऱ्हाईक पळून राहिलं माझं."

गोपिकाने पुस्तक उघडलं आणि तिचे डोळे लकाकले. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक होतं ते. त्यातल्या वाक्यांची तऱ्हाच न्यारी. जो काही करतो त्याचा पत्ता ओळीच्या शेवटी, जे केलं ते आधीच येऊन बसलेलं. पण या पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक आकडे होते. एक, दोन, तीन... त्या क्रमाने वाचलं की वाक्य कसं सरळसोट! भिवापूरहून येऊन एम. ए. करणाऱ्या गोपिकाला विभागाच्या नाटकात राणीचं काम मिळालं होतं, आणि राणीला स्वतःचंच अर्धं बोलणं समजत नव्हतं. आता कोण सोडतं हे पुस्तक!

"घ्या," तो हळूच म्हणाला. "पण त्या आकड्यांच्या नादी लागू नका. त्यांनीच घात केला माझा."

असं बोलून कोणी चालू लागतं का? गोपिकाने त्याला समोरच्या टपरीवर चहाला बसवलंच.

"झालं काय होतं?"

त्याने कपातल्या चहाकडे बघत सांगितलं. याच नाटकात, गोपिकाच्याच विभागात शिकत असताना, त्याने दूताचं काम केलं होतं. दूत धावत येतो आणि पाठमोऱ्या राणीला बातमी देतो — मराठीत सांगायचं तर, जिवंत आहे राजा आपला, ऐका हो राणी! 'राणी' हा शब्द कानावर पडला की तिने गर्रकन वळून आनंदाने ओरडायचं.

"मी पाठ केलं आकड्यांनी सरळ करून. ऐका हो राणी, आपला राजा जिवंत आहे."

"मंग?"

"मग काय... मी 'राणी' म्हटल्याबरोबर ती वळली आणि हर्षाने किंचाळली. बातमी द्यायची बाकीच होती अजून! सगळं सभागृह हसलं. आणि मी... पुढचा एक शब्द आठवेना. तसाच उभा राहिलो. पडदा पाडावा लागला."

गोपिकाला हसू फुटलं. तिने ओढणी तोंडाशी धरली, पण खांदे हलायचे ते हललेच. तोही हसला... कितीतरी वर्षांनी त्या गोष्टीवर हसला असावा.

मग दर रविवारी सकाळी ती टपरी ठरूनच गेली. तो मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकावर तिकीट खिडकीत होता. रविवारची ड्युटी दुपारची. ती ओळ वाचायची, तो अर्थ सांगायचा. हिवाळ्याचं कोवळं ऊन त्याच्या चष्म्यावर यायचं, मग ती मुद्दाम बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकायची, म्हणजे त्याचे डोळे दिसावेत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तू असा पुस्तकात तोंड खुपसून काहून बोलतं? माह्याकडे पाहून बोल ना!"

"तुझ्याकडे बघितलं की आकडे चुकतात," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आणि अशा गोड दिवसांत आयुषने घोळ घातला. आयुष म्हणजे विभागाच्या नाटकातला दूत. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो निघून गेला. नाटक बसवणाऱ्या वैदेही मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारच्या तालमीपर्यंत दूत मिळाला नाही, तर तो प्रवेश कापावा लागेल. माजी विद्यार्थी असला तरी चालेल मला."

तोच तर गोपिकाचा सगळ्यात मोठा प्रवेश होता! तो गेला की राणीला उरणार काय, तर सिंहासनावर बसणं. तिने धावतपळत अनिशला गाठलं.

"नाही," तो म्हणाला. "बाकी काहीही माग, गोपिका. लोकांसमोर... पुन्हा नाही."

त्या दिवशी ती रुसून खोलीवर परतली. तेवढ्यात भिवापूरहून बाबांचा फोन. शालिकराम फोनवर बोलत नसत, ओरडत.

"लाल झालं ना वं पोरी आंगन सारं! मिरचीनं! अवं, पाय ठेवाले जागा नाही!"

गोपिका हसली. आणि हसता हसता थांबली. बाबांनी कुठे शब्द ओळीने लावले होते? मनात जे मावत नव्हतं ते आधी बाहेर पडलं, बाकीचं मागून आलं. दूताचंही तेच होतं की! कोसभर धावत आलेला माणूस पहिल्यांदा 'ऐका हो राणी' कशाला म्हणेल? 'जिवंत' हेच म्हणेल!

शुक्रवारी दुपारी ती सीताबर्डी स्थानकावरच जाऊन धडकली. तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर काचेला नाक लावलं.

"कुठलं तिकीट?" त्याने खाली बघत विचारलं. मग मान वर केली. "तू!"

"आकडे खोडून टाक, अनिश. ते उलटं नाहीच आहे. माह्ये बाबाबी तसेच बोलतेत. मनात जे सगळ्यात मोठं असते ना, ते पहिले येते. तू फक्त तेवढं बोल, बाकीचे शब्द आपोआप येतेत."

"गोपिका, रांग आहे मागे..."

"राहू दे. चार वाजता तालीम आहे. सांग, तुह्या मनात सगळ्यात मोठं काय आहे आत्ता? भीतीच ना?"

तो काचेपलीकडून तिच्याकडे बघत राहिला. या वेळी मात्र नजर पुस्तकात नव्हती.

"आवडतेस," तो म्हणाला. "फार... मला... तू. त्या पहिल्या दिवसापासून. पुस्तक नकोच होतं मला, म्हणजे हवं होतं, पण तू हसलीस आणि..."

एवढं बोलल्यावर त्याचं लक्ष गेलं. समोरचा माइक चालू होता. बाहेरच्या स्पीकरमधून शब्द न् शब्द रांगेतल्या तीस-चाळीस माणसांनी ऐकला होता. गोपिकाला वाटलं, आता हा गोठणार... पुन्हा तसाच उभा राहणार!

पण अनिशने माइक बंद केला नाही. तो माइकमध्येच पुढे म्हणाला, "...आणि साडेतीनला सुटतो मी. तालमीला येतोय."

रांगेत टाळ्या पडल्या. इतवारीच्या बाजारातून भांड्यांची पिशवी घेऊन आलेल्या एका काकूंनी गोपिकाच्या पाठीत बोट खुपसलं.

"अवं बाई, त्याचं झालं बोलून. आता तू बोल काहीतरी, माही गाडी चुकून राहिली!"

गोपिकाला राणीचं सगळं बोलणं पाठ होतं, पण आता त्यातलं एक अक्षर आठवेना. चेहरा तापला होता, हसू आवरत नव्हतं. ती माइकच्या जाळीपाशी वाकली.

"आवडतं," ती म्हणाली. "मलेबी. तू."