शोधून दाखवा

माझ्याकडे आहेत तसे किडे दुसऱ्या कुणाकडे नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. काडीकिडे आहेत ते, बोटभर लांब. मी कृत्रिम हात बनवते आणि कार्यशाळेच्या खिडकीशी त्यांची काचेची पेटी ठेवते. डहाळीला चिकटले की ते काडीच होऊन जातात. पाहुण्यांना मी म्हणते, शोधून दाखवा. लोक काचेला नाक लावून दमतात. मग मी हळूच फुंकर घालते. काडी जागची हलत नाही, किडा मात्र मंद झुलतो.

पेटीची काच तडकली तेव्हा नवी येईपर्यंत त्यांना तयार हातांच्या फडताळात ठेवलं. तिथे एकाने कात टाकली आणि तो त्वचेच्या रंगाचा निघाला. तो रंग साधताना माझ्या नाकी नऊ येतात. मी हरखून गेले. पुढच्या कातीनंतर त्याला पेरं आली, पेरांवर सुरकुत्या आल्या. काम करताना तो माझ्या उजव्या तर्जनीवर पसरून बसायचा. गुणी शिष्य समजून मी बसू द्यायचे. या तर्जनीवर आमचं घर चालतं. नखाची कड असो की तळव्याची रेष, शेवटचा हात तिचाच फिरतो.

मग त्याला नख आलं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. नवऱ्याने तोंडभरून कौतुक केलं. नणंद परिचारिका आहे, ती जवळ यायला तयार नव्हती.

"वहिनी, याला बाहेर सोड."

"जळतेस तू," मी हसून म्हटलं.

"नखाखाली बघ."

तिथे भाजल्याचा डाग होता. तापलेल्या साच्याने माझ्या तर्जनीवर उठवलेला, अगदी तोच. खरं सांगते, माझी छाती अभिमानाने फुगली. मी त्याला सोडलं नाही.

काही दिवसांनी तो पानं खाईना. मी पेटीत फुंकर घातली.

तो झुलला नाही.

मी नणंदेला बोलावलं. या वेळी तिने त्याला हातात घेतलं, पेरापेराशी दाबून पाहिलं.

"वहिनी, यात हाड आहे."

ती तशीच निघून गेली. मी कामाला बसले. नव्या हाताच्या नखावर धूळ होती, म्हणून फुंकर घातली.

तो हात स्थिर राहिला.

माझी तर्जनी झुलली.

काम पूर्वीपेक्षा सरस होतं, हे कबूल करायला हवं. नवरा रोज हा हात हातात घेतो, त्याला काही वेगळं वाटत नाही. रेष न् रेष जुळते. इतकं चोख मलाही कधी जमलं नसतं.

पाहुणे आले की आता मी दोन्ही हात पुढे करते. शोधून दाखवा, म्हणते. अजून कुणाला सापडलेला नाही.

फुंकर मात्र मी घालत नाही.