ओली गोटी

भुतं रात्रीच येतात असं ज्याने कुणी सांगितलं ना, त्याला माझ्या घरी पाठवा. आमच्याकडे जे घडलं ते रविवारी घडलं, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना. खोटं सांगून मला काय मिळणार आहे? माझ्या लेकीच्या जिवावर बेतलं होतं.

खाली नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. नवऱ्याला नाद एकच.

गोट्या!

खेळायचा नाही हो, जमवायचा. जुन्या, काचेच्या. चाळिशी उलटलेला बाप्या डोळ्याला भिंग लावून तासन्तास त्याच निरखत बसायचा.

"हे बघ, ही हाताने केलेली. काचेच्या कांडीवरून कापली, तिथे हा खरबरीत डाग राहिला. ही तिची बेंबी. मशीनच्या गोटीला बेंबी नसते."

"खाली गिऱ्हाईक ताटकळलंय," मी म्हणायची, "आधी त्याची बेंबी बघून ये."

पण त्याची एक सवय मात्र अगदी किळसवाणी होती. जुनी काच ओरखड्यांनी धुरकट होते. ओली केली की आतले रंग लख्ख दिसतात. त्यासाठी शेजारी पाण्याची वाटी ठेवायची मी, पण हा बाबा गोटी सरळ तोंडात घालायचा! गालात घोळवायची, काढायची, उजेडात धरायची.

"शी! कुणाकुणाच्या हातातून आली असेल ती!"

"थुंकीची सर पाण्याला नाही," म्हणे.

आदल्या सोमवारी तो भंगारवाल्याकडून एक मोठी गोटी घेऊन आला. आत लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ. दोन्ही टोकांना बेंबी. स्वारी नुसती हवेत होती.

"भंगारवाला मात्र विचित्र माणूस. मी गोटी तोंडात घातली तर केवढ्याने ओरडला! मग म्हणतो, घातलीत ना तोंडात? आता न्या. परत आणू नका."

मी तेव्हा हसले. देवा, मी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट पुसायला कप्पा उघडला. सगळ्या गोट्या आपापल्या खाचेत, कापसावर. कोरड्या.

ती मात्र... ओली होती.

उचलली तर लाळेची तार निघाली.

मी खालीच गेले तरातरा. "चाटायची ती चाट, पण पुसून ठेवायला काय हात झिजतात का तुझे?"

"मी हात नाही लावला तिला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्या मनात एकच आलं... ढमी!

ढमी म्हणजे आमची लेक. तेव्हा रांगत होती, खालीवर मिळून चार दात. दिसेल ते तोंडात. चप्पल म्हणू नका, खडू म्हणू नका. त्याच क्षणी कप्प्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली.

दुसऱ्या सकाळी कुलूप उघडलं.

ओली.

आणि या वेळी नवऱ्याचा चेहरा उतरला. काच ओळखायची म्हणून तो गोटी गालाला लावून बघायचा. काच थंड लागते. त्याने ती गालाला लावली आणि झटकन खाली ठेवली.

"कोमट आहे गं. आत्ता कुणाच्या तरी तोंडातून काढल्यासारखी."

मग आवाज सुरू झाले.

बंद कप्प्यातून... टक... टक...

गोळी चघळताना ती या गालातून त्या गालात नेतो ना, तेव्हा दातांवर आपटते. तस्सा आवाज. मध्येच ओढून घेतलेली लाळ.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. "ही आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ, नाहीतर मी आणि ढमी बाहेर!"

तो भंगारवाल्याकडे परत गेला, पण त्याने दारच उघडलं नाही. खिडकीतून नुसता हात हलवला. नदीत टाकायला नवऱ्याला धीर होईना. मग त्याने ती साबणाने धुतली, पुसून खडखडीत कोरडी केली, फडक्यात गुंडाळून डब्यात घातली, झाकण तारेने आवळलं आणि डबा माळ्यावर टाकला.

आवाज थांबला.

शनिवार शांत गेला. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

रविवारी दुपारी मी धुतलेले कपडे घड्या घालत होते. ढमी चटईवर बसलेली. नवरा खिडकीशी पेपर वाचत होता.

टक...

मी माळ्याकडे बघितलं.

टक... टक...

आवाज वरून येत नव्हता.

ढमी माझ्याकडे बघून हसत होती. आणि तिचा उजवा गाल फुगलेला होता... गोल.

तो गोल डावीकडे सरकला. टक.

मी झडप घातली. तोंडात बोट घातलं, घशापर्यंत फिरवलं. काही नाही! बोटाला काहीच लागलं नाही, आणि डोळ्यांना गाल फुगलेला दिसतोय!

मग तिचं हसणं थांबलं.

श्वासही थांबला.

मी अशी किंचाळले की शेजारची नर्स अनवाणी धावत आली. तिने ढमीला पालथं हातावर घेतलं, पाठीत थापट्या मारल्या. "काय गिळलंय?"

"काही नाही! गोटी!" मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. ढमीचे ओठ निळे पडायला लागले.

नवऱ्याने माळ्यावरून डबा ओढला. तार तशीच आवळलेली. हलवला... खुट्ट नाही. उघडला. आत फडकं, कोरडं, नुसतंच.

तो डबा टाकून ढमीसमोर गुडघ्यांवर बसला. तोंडाजवळ तोंड नेलं आणि आ वासला.

"मी घातली होती तोंडात," तो म्हणाला. "पोरीला सोड. इकडे ये."

नर्सची थापटी हवेतच थांबली.

टक...

ढमीने टाहो फोडला. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. मी तिला नर्सच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी आवळलं.

नवऱ्याने तोंड मिटलं होतं. त्याचा उजवा गाल फुगलेला होता.

नर्सने पाहिलंय ते. विचारलं तर ती विषय बदलते, पण तेव्हापासून आमच्याकडे चहालाही येत नाही.

डॉक्टर झाले, दातांचे झाले, गळ्याचे फोटो झाले. काही नाही म्हणतात. "मनाचे खेळ, ताई." मनाचे खेळ असे दात झिजवतात होय? त्याचे दोन तुटले आतापर्यंत.

गोट्या सगळ्या त्याने देऊन टाकल्या. ती काही कुणाला देता येत नाही. तो आता घास अगदी बारीक करून खातो, बोलतो कमी. झोपतो बसून, मान पुढे टाकून, कारण झोपेत गिळली गेली तर काय, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही. तो झोपला की मी जागी राहते आणि आवाज ऐकते. आवाज येतोय तोवर तो आहे.

ढमी आता शाळेत जायला लागलीय. तिला आम्ही यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

परवा दुपारी ती बाबाच्या मांडीवर चढली. त्याच्या गालावर बोटाने टकटक केलं.

"बाबा, खूप दिवस झाले," ती म्हणाली. "आता मला द्या ना."

आणि तिने आ वासला.

त्याने ओठ घट्ट मिटले आणि नुसती मान हलवली. त्या दिवसापासून त्याने तिच्यासमोर तोंड उघडलेलं नाही, जेवतोसुद्धा दुकानात, एकटाच. ढमी जिन्याच्या पायरीवर बसून त्याची वाट बघते.